घराचा केस पेपर

मोजदादरावांनी घराचा विमा उतरवायचं ठरवलं ते मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता. शेजारच्या टेबलावरचा कारकून सहज म्हणाला, "तुमचं ते भाड्याने दिलेलं घर आहे ना, त्याचा विमा असेलच म्हणा." आणि मोजदादराव घास गिळून म्हणाले, "तर! विम्याशिवाय घर भाड्याने देतं का कुणी?"

विमा नव्हता. बारा वर्षांत तो कधी मनातसुद्धा आला नव्हता. पण ज्या माणसाच्या हातून सव्वीस वर्षांत एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही, त्याने चारचौघांत 'नाही' कसं म्हणायचं? शब्द तोंडातून गेला होता. आता तो खरा करणं आलं.

मोजदादराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते तंत्रशाळेत भांडारपाल. मुलांनी सकाळी यायचं, पाना, पक्कड, करवत, रंधा, जे हवं ते मागायचं. ह्यांनी वहीत लिहून द्यायचं आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचं. एक पाना कमी भरला तर अख्ख्या वर्गाने खिसे उलटे करून दाखवल्याशिवाय कुणाची सुटका नसे. मुलांनी ठेवलेलं हे नाव आधी शिक्षकांपर्यंत गेलं, मग शिपायांपर्यंत आणि शेवटी बायकोपर्यंत. इथवर सगळं ठीक होतं. पण इतकी वर्षं इतकी अवजारं हातांखालून गेल्यावर मोजदादरावांची हळूहळू अशी समजूत झाली, की आपल्याला ती वापरताही येतात. (चष्म्याच्या दुकानात काम करून कुणी डोळ्यांचा डॉक्टर होत नाही, हे त्यांना कुणीतरी वेळीच सांगायला हवं होतं.)

राहत्या घरात बायको त्यांना हातोडीला हात लावू देत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी काय झालं ते तिने कुणाला सांगितलेलं नाही, पण त्यांच्या स्वयंपाकघरात अजून एक दार आहे जे कुठेच उघडत नाही. तेव्हा हौस भागवायला उरलं ते भाड्याचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक चिंचोळी गॅलरी. दुसरा आणि शेवटचा मजला, चालत पंधरा मिनिटं. त्यात बारा वर्षं राहत होत्या सिस्टर.

सिस्टर मोठ्या रुग्णालयात नर्स होत्या, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. एकट्याच. मोजदादरावांची आई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा ह्या बाई ड्युटीच्या आधी एकदा आणि ड्युटीनंतर एकदा अशा रोज येऊन सगळं करून जात, आणि कुणी आभार मानायला लागलं की "पाणी गरम करा" म्हणून त्याला कामाला लावत. आई गेली त्या दिवशी सिस्टरांनी मोजदादरावांचा हात बराच वेळ धरून ठेवला होता. धीर द्यायला धरला की नाडी बघायला, हे त्यांना आजवर कळलेलं नाही. पण बरं वाटलं होतं. तेव्हापासून सिस्टर भाडेकरू उरल्या नव्हत्या. दर गुरुवारी त्या येऊन बायकोचं ब्लडप्रेशर बघत, आणि महिन्यातून एकदा तरी मोजदादराव अवजारांची पिशवी घेऊन सिस्टरांच्या दारात उभे राहत. "सिस्टर, काही बिघडलंय का?" असं विचारताना त्यांच्या आवाजात जी आशा असे, ती ऐकून 'नाही' म्हणणं दगडालाही जमलं नसतं.

तर विमा. बायकोचा मावसभाऊ विम्याचा एजंट होता. आजवर तो दिसला की मोजदादराव रस्ता ओलांडून पलीकडे जात. आता त्यांनी आपणहून बोलावलं, तेव्हा तो बिचारा इतका गहिवरला की बॅग उघडायलाच विसरला.

"दाजी, साधं आहे," तो म्हणाला. "चार गोष्टी बघायच्या. एक, इमारत, म्हणजे भिंती, छत, दारंखिडक्या. दोन, घरातलं तुमच्या मालकीचं सामान. तीन, काही झालं आणि घर रिकामं ठेवावं लागलं तर बुडणारं भाडं. आणि चार, तुमच्या घरामुळे कुणाला इजा झाली तर त्याची जबाबदारी."

"आणि भाडेकरूचं सामान?"

"ते तुमच्या पॉलिसीत येत नाही. त्यांची पॉलिसी त्यांनी काढायची."

"म्हणजे आग लागली तर माझ्या भिंती मला भरून मिळणार, आणि सिस्टरांचं घड्याळ जाणार?"

"घड्याळ कसलं?"

"भिंतीवरचं. निवृत्त झाल्या तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून दिलेलं."

"दाजी, विम्याला घड्याळाची किंमत लागते. घड्याळाची गोष्ट नाही."

पण ते घड्याळ मोजदादरावांच्या डोक्यातून जाईना.

पुढचे तीन आठवडे त्यांनी योग्य विमा निवडण्यात घालवले. भांडारातल्या मोठ्या आलेख कागदावर तक्ता आखला. पाच कंपन्या उभ्या, सतरा संकटं आडवी. आग, पूर, भूकंप, वीज कोसळणे, दंगल, चोरी, झाड पडणे, वाहन धडकणे आणि (ह्यावर त्यांचा विशेष जीव जडला) विमान कोसळणे. तीन कंपन्या विमानाचे पैसे देत होत्या, दोन देत नव्हत्या. मोजदादराव त्या दोन कंपन्यांकडे ज्या नजरेने बघू लागले, ती नजर आजवर फक्त पाना हरवणाऱ्या मुलांच्या वाट्याला आली होती.

"अहो, आपल्यावरून विमान जातच नाही," बायको म्हणाली.

"म्हणूनच. सवय नसलेल्या ठिकाणी आलं म्हणजेच पडतं."

चौथ्या कलमावर मात्र त्यांनी सरळ काट मारली. "आमच्या घरात कुणाला कशाला इजा होईल? मी स्वतः जातीने लक्ष घालतो."

एजंटने आपल्या ताईकडे पाहिलं. ताईने छताकडे पाहिलं.

इमारतीचा विमा किती रकमेचा काढायचा, हे ठरवायला घर मोजणं भाग होतं. एका रविवारी सकाळी मोजदादराव आणि एजंट टेप घेऊन सिस्टरांकडे गेले. आता, ह्या सगळ्या गोष्टीतली चूक कुठली असेल तर ती हीच, की मोजदादरावांनी कशासाठी आलोय ते सिस्टरांना सांगितलं नाही. पण त्यालाही कारण होतं. भांडाराचा पहिला नियम: साठ्याची तपासणी कधी आगाऊ कळवायची नसते. सव्वीस वर्षं ते ह्या नियमाने जगले होते. दुसरं एक कारणही होतं, पण त्याबद्दल त्यांनी एजंटलाही शपथ घालून गप्प बसवलं होतं.

"सहज आलो," ते म्हणाले. "जरा मोजमाप."

सिस्टर म्हणाल्या, "घ्या की," आणि चहा टाकायला आत गेल्या. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली ह्यांच्यामध्ये एक पातळ भिंत, आणि एजंटचा आवाज बाजारात कमावलेला.

"दाजी, हे सगळं पाडून पुन्हा बांधायचं म्हटलं तर किती लागतील, तो आकडा काढायचा."

"पाडून? बरेच लागतील."

"आणि बांधून होईपर्यंत सहा महिने घर रिकामं धरायचं."

"सहा कशाला, आठ धर. ह्या लोकांचं काम कधी वेळेत होतं?"

आत चहा उतू गेला. सिस्टरांच्या हातून बारा वर्षांत पहिल्यांदा.

मोजदादरावांनी ते लक्षात घेतलं नाही. ते गॅलरीची रुंदी दोनदा मोजून, चहा पिऊन, खूश होऊन घरी गेले आणि अर्ज भरायला बसले. अर्जात एक प्रश्न होता: 'गेल्या पाच वर्षांत घराचं झालेलं नुकसान व त्याची कारणं.' त्यांनी क्षणाचाही विचार न करता सुबक अक्षरात लिहिलं, निरंक. त्यात खोटं काही नव्हतं, निदान त्यांच्या मते. जे जे बिघडलं ते ते त्यांनी स्वतः जाऊन दुरुस्त केलं होतं. दुरुस्त झालं ते नुकसान कसं?

"खोटं लिहिलं तर पॉलिसी रद्द होते हं," एजंट म्हणाला.

"मी आणि खोटं?" मोजदादराव इतके दुखावले की एजंटला दोन बिस्किटं जास्त खावी लागली.

पुढच्या गुरुवारी सिस्टर आल्या, ब्लडप्रेशर बघितलं आणि बायकोच्या हातात एक वही दिली. पाच वर्षांचे सगळे आकडे, तारखेवार. "जी कुणी नवीन नर्स बघाल, तिला ही दाखवा," म्हणाल्या. शिवाय बायकोचा एक डबा त्यांच्याकडे राहिला होता, तोही लख्ख घासून आणला होता. बायकोने "का हो सिस्टर, कुठे जाताय?" असं विचारलं, तर "बघू या" म्हणून त्या जिना उतरल्यासुद्धा. बायको दारातच उभी राहिली. आत येऊन तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्ही सिस्टरांना काही बोललात का?"

"मी? मी फक्त मोजलं."

"उद्या तुमचा तो सर्व्हेअर येणार ना पाहणीला? मीही येते."

सर्व्हेअर विमा कंपनीने पाठवलेला. उंच, वाळका, आणि चेहऱ्यावर असा भाव, की सगळ्या जगाला केव्हातरी आग लागणारच आहे, प्रश्न फक्त तारखेचा. मोजदादरावांनी त्याला तक्ता दाखवला. त्याने तो उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

सिस्टरांनी दार उघडलं आणि मोजदादराव उंबऱ्यावरच थबकले. बाहेरच्या खोलीत खोके रचलेले. गॅलरीतल्या कुंड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. भिंतीवर घड्याळ नव्हतं, नुसता खिळा. खोलीच्या मधोमध सिस्टर उभ्या होत्या, मोठे डॉक्टर राउंडला आल्यावर उभं राहावं तशा ताठ.

"या साहेब," त्या सर्व्हेअरला म्हणाल्या. "घर नीट बघून घ्या."

"सिस्टर, हे काय?" बायको म्हणाली. पण तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

मोजदादरावांनी जाऊन दार उघडलं. कुणी नव्हतं. दार लावलं, पुन्हा बेल. पुन्हा उघडलं, पुन्हा कुणी नाही. तिसऱ्यांदा ते दाराआड दबा धरून उभे राहिले.

"दाराकडे जाऊ नका, भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "साहेब न्हाणीघरात आहेत. तिथला दिवा लावला की बेल वाजते."

"कधीपासून?"

"तुम्ही बेल दुरुस्त केलीत तेव्हापासून."

"मग खरंच कुणी आलं तर?"

"तेव्हा न्हाणीघरात उजेड पडतो. मला कळतं."

सर्व्हेअर न्हाणीघरातून बाहेर आला. त्याने दिव्याकडे पाहिलं, बेलकडे पाहिलं, मग हातातल्या अर्जाकडे पाहिलं. "इथे तर निरंक लिहिलंय," तो म्हणाला. "पाच वर्षांत काहीच झालं नाही?"

"साहेब, नोंद आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवलेला एक पुठ्ठा काढून आणला. वर चिमटा, चिमट्यात कागदांची चळत. रुग्णाच्या पलंगाच्या पायथ्याशी लटकत असतो तसा अगदी. "पस्तीस वर्षांची सवय. माणूस असो की घर, बिघडलं की लिहून ठेवते. ह्याच्यावरून कळेल की माझ्या हातून ह्या घराला ओरखडासुद्धा पडलेला नाही."

सर्व्हेअर वाचू लागला. मोठ्याने वाचायची काही गरज नव्हती, पण त्याला तशी सवय असावी.

"तक्रार: न्हाणीघरातला नळ ठिबकतो, मिनिटाला अकरा थेंब. उपचार: मालकांनी केले, दीड तास. उपचारानंतर: धार. पुढील उपचार: वहिनींनी पाठवलेला प्लंबर, दहा मिनिटं. रुग्ण बरा."

मोजदादरावांनी बायकोकडे पाहिलं. बायको खोक्यावरची दोरी निरखत होती.

"तक्रार: खिडकी घट्ट बसते. उपचार: मालकांनी रंधा मारला. उपचारानंतर: खिडकी बसतच नाही. पुढील उपचार: वहिनींनी पाठवलेला सुतार, नवीन खिडकी."

"नवीन?" मोजदादराव म्हणाले. ती खिडकी दाखवून त्यांनी भांडारात कितीतरी जणांना रंधा कसा धरावा ते समजावून सांगितलं होतं.

"तक्रार: काहीही नव्हती. मालकांना फळी बसवावी असं आपणहून सुचलं. उपचारानंतर: संपूर्ण इमारतीतले दिवे गेले, चार तास. मालकांना किरकोळ धक्का. नाडी शहाण्णव. चहा दिला." सर्व्हेअरने कागद उलटला. "तक्रार: दाराचं कुलूप कुरकुरतं. उपचार: मालकांनी. उपचारानंतर: मी आणि मालक दोघंही आत अडकलो. पुढील उपचार: वहिनी, किल्लीवाला."

तो वाचतच राहिला. एकंदर एकवीस नोंदी होत्या. मोजदादरावांनी त्या मोजल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काही मोजावंसं वाटलं नाही. ते एका खोक्यावर बसले.

सिस्टर घाईने म्हणाल्या, "भाऊ, ही तुमची तक्रार नव्हे हं. तुमचं घर आहे, तुम्ही पाडा, नवीन बांधा, तुमचा हक्क आहे. फक्त उद्या कुणी असं म्हणायला नको, की बाईने घराची हेळसांड केली म्हणून पाडावं लागलं. एवढ्यासाठी दाखवलं."

"पाडा?" मोजदादराव ताडकन उठले. "कोण पाडतंय?"

"तुम्ही. रविवारी ठरलं ना? आठ महिने रिकामं ठेवणार म्हणालात. मी धाकट्या भावाकडे विचारून ठेवलंय. त्याची बायको हो म्हणाली." सिस्टरांनी शेजारच्या खोक्याचं झाकण दाबून बसवलं. "दोनदा विचारल्यावर."

मग बायकोने अगदी हळू आवाजात विचारलं, आणि बायको हळू आवाजात बोलली की मोजदादराव आपोआप सावधानमध्ये उभे राहत. "अहो. तुम्ही सिस्टरांना विम्याचं सांगितलं नाहीत?"

"साठ्याची तपासणी आगाऊ कळवत नाहीत."

"सिस्टर म्हणजे साठा आहेत?"

मोजदादराव सिस्टरांपुढे जाऊन उभे राहिले. "सिस्टर, घर पाडायचं नाही हो. पडलं तर काय, त्याचा तो हिशोब. विम्याला तो आकडा लागतो. तुम्ही गेलात तर हे घर ठेवून मी करू काय? कुणाकडे यायचं मी?"

आणि मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. हेच ते दुसरं कारण. भाडेकरूच्या सामानाच्या वेगळ्या पॉलिसीचा अर्ज. सही तेवढी राहिली होती. हप्ता ते भरणार होते आणि पॉलिसी हातात आल्यावरच सिस्टरांना द्यायची, असं ठरलं होतं.

सिस्टरांनी चष्मा लावला. सामानाची यादी मोजदादरावांनी आठवणीने केली होती, आणि भांडारपालाची आठवण ती. एक वस्तू सुटली नव्हती. 'कुंड्या, सात, पैकी एक तडकलेली. औषधांचा स्टीलचा ट्रे, एक. वाचायचा दिवा, मान सैल (मालकांमुळे नव्हे). भिंतीवरचं घड्याळ, एक.' घड्याळापुढे किमतीच्या रकान्यात आधी 'अमूल्य' लिहून खोडलेलं होतं, आणि खाली एजंटच्या अक्षरात एक आकडा.

सिस्टर बराच वेळ वाचत राहिल्या. एवढ्याशा कागदाला इतका वेळ लागत नाही. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला का नाही कुणी सांगितलं?" मोजदादराव पुठ्ठ्याकडे बोट दाखवत म्हणाले. त्यांनी बाहीने डोळे टिपले. "एकवीस वेळा! एकदा तरी म्हणायचं, की बाबा, येऊ नकोस."

सिस्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली.

"आई गेल्यावर तीन महिने तुम्ही कुणाशी धड बोलत नव्हता, भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "मग तो नळ ठिबकायला लागला. तुम्ही आलात, दीड तास खटपट केलीत, आणि सगळी धार तुमच्या तोंडावर आली. आणि तुम्ही हसलात. मोठ्याने. मी संध्याकाळी वहिनींना फोन केला, तर वहिनी म्हणाल्या, प्लंबर मी पाठवते, ह्यांना काही बोलू नका. म्हटलं, नळ काय, दुरुस्त होतो."

मोजदादरावांनी बायकोकडे पाहिलं. ती अजून दोरीच निरखत होती, पण दोरीकडे बघून कुणाचे डोळे भरून येत नाहीत.

सर्व्हेअर खाकरला. (त्याच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत पाहणीच्या वेळी सगळेच जण रडायला लागल्याचा हा पहिला प्रसंग होता, आणि ह्याला अर्जात रकाना नव्हता.) त्याने पेन काढलं. "निरंक खोडतो. एकवीस लिहितो. कारण काय लिहू? आग नाही, पूर नाही, चोरी नाही, वीज... वीज आहे, पण ती कोसळलेली नाही, तुम्ही घालवलेली आहे. 'इतर'मध्ये घालतो." आणि त्याने 'इतर'पुढे स्वच्छ अक्षरांत लिहिलं: मालक.

"आता ऐका," तो म्हणाला. "तुम्ही जे कलम खोडलंय ना, कुणाला इजा झाली तर, तेच तुम्हाला सगळ्यांत आधी लागतं. खालच्या मजल्यावर माणसं राहतात. ते घाला. इमारतीचं राहू द्या. विमान काढून टाकतो."

"विमान राहू द्या," मोजदादराव कळवळून म्हणाले.

"साहेब, पाच वर्षांत ह्या घरावर विमान एकदाही आलेलं नाही. तुम्ही एकवीस वेळा आलात."

विमान गेलं. त्याच्या जागी सर्व्हेअरने एक अट घातली: मालकाने स्वतः केलेल्या दुरुस्तीमुळे होणारं नुकसान कंपनी भरून देणार नाही. आणि मालकाने तशी दुरुस्ती करणार नाही असं लिहून दिलं, तर हप्ता बराच कमी होईल. मोजदादरावांनी लिहून दिलं.

सर्व्हेअर बूट घालत असताना बायकोने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "ही अट आमच्या राहत्या घरालाही लावता येईल का हो?"

त्या दिवशी सगळ्यांनी मिळून खोके उघडले. घड्याळ मोजदादरावांनी स्वतः खिळ्यावर अडकवलं. सिस्टर आणि बायको दोन्ही बाजूंनी हात पसरून उभ्या होत्या, पण ते पडलं नाही.

महिन्याभराने दोन्ही पॉलिस्या आल्या. सिस्टरांची प्रत द्यायला मोजदादराव एका दुपारी निघाले. बायकोने दारातच त्यांचे खिसे चाचपले आणि एक छोटा पाना काढून घेतला. ("सहज होता," ते म्हणाले.) सिस्टरांनी दार उघडलं, पॉलिसी घेतली, वाचली आणि त्यांच्यापुढे औषधांचा ट्रे धरला. मोजदादरावांनी निमूटपणे मोज्यातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यात ठेवला.

मग चहा झाला. गप्पा झाल्या. खिडकी चांगली बसत होती, नळ ठिबकत नव्हता, घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. बोलता बोलता मोजदादरावांची नजर स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीवर गेली. मूठ सैल होती. अगदी थोडी, अर्धा आटा फिरवला की झालं. ते काही बोलले नाहीत. फक्त पाणी प्यायच्या निमित्ताने उठले, दाराजवळ गेले, आणि हात पुढे केला.

"हात लावू नका," सिस्टर बाहेरून म्हणाल्या. त्या वळल्यासुद्धा नव्हत्या.

दारामागे घराचा केस पेपर लटकत होता. शेवटची नोंद होती: 'प्रकृती उत्तम. पथ्य: मालक. भेटीची वेळ चार ते सहा, हात रिकामे.' मोजदादरावांना वाईट वाटलं नाही. उलट घराला इतकं बरं वाटतंय म्हणून बरंच वाटलं. तेवढ्यात त्यांना दिसलं, की शेजारच्या खिळ्यावर आणखी एक पुठ्ठा आहे. नवा कोरा, चिमटासुद्धा नवा.

त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं. रुग्ण: घरमालक. तक्रार: हात शिवशिवणे. कधीपासून: पाच वर्षं. सुधारणा: नाही. उपचार: चहा, गप्पा; महिन्यातून एकदा पुरत नाही, आठवड्यातून दोनदा आणावे.

आणि अगदी खाली, 'नातेवाईकाची सही' लिहिलं होतं तिथे, त्यांच्या बायकोने तारखेनिशी सही केलेली होती.